भत्ता तिचा, भुर्दंड त्याचा

लिॲन पहिल्यांदा आमच्या आईकडे रविवारच्या जेवणाला आली ती हातात एक अख्खी भाजलेली कोंबडी घेऊन. फॉइलमध्ये गुंडाळलेली, अजून गरम. मागे तीन पोरं. दारातच म्हणाली, "चार तोंडं वाढली ना तुमच्याकडे, म्हटलं आमचं आमचं आणावं."

आमचं आमचं! मेक्सबरोत, या जुन्या खाणगावात, ब्रेंडा ऑक्सलीच्या, म्हणजे आमच्या आईच्या, रविवारच्या जेवणाला माणूस भूक घेऊन येतो, कोंबडी घेऊन नाही. मला असा संताप आला की ग्रेव्हीचं भांडं मी टेबलावर आदळलंच. आईच्या कानात म्हटलं, "बघितलास तोरा? जेवायला बोलावलंय की वर्गणी काढलीय?" आईनं कोंबडीकडे पाहिलं, मग त्या बाईच्या ताठ मानेकडे पाहिलं, आणि म्हणाली, "डिनीज, गप बस. मला आवडली ही." आणि ती कोंबडी मधोमध ठेवून आईनं सगळ्यात आधी स्वतःच्या ताटात तिचीच तंगडी घेतली.

तिच्यामागे आमचा स्टू बावळटासारखा हसत उभा होता. स्टू माझा धाकटा भाऊ. लंडनच्या गाड्या चालवतो. तासाला सव्वाशे मैलांच्या वेगानं आठ डबे भरून माणसं नेतो, पण दातांच्या डॉक्टरची सुई पाहिली की हा दार शोधतो. असाच एकदा दाढ ठणकते म्हणून गेला, आणि खुर्चीपर्यंत जायची हिंमत होईना म्हणून दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईशी अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला. ती बाई म्हणजे लिॲन. शेवटी तीच म्हणाली, "आत जाताय की मी हात धरून नेऊ?" आमचा शहाणा म्हणाला, "हात धरून न्या." तिनं खरंच नेलं. दाढ गेली, आणि हाही गेला.

स्टूचं एक सांगायला हवं. त्याचं पहिलं लग्न मोडलं ते मूल होईना म्हणून. दोघांनी दवाखान्यांचे उंबरे झिजवले, मग एक दिवस ती निघून गेली आणि हा आईच्या मागच्या खोलीत परत राहायला आला. डेपोत कुणी फोनवर पोरांचे फोटो दाखवायला लागलं की हा चहा करायला उठायचा. तो स्वतः कधी यावर बोलला नाही. मला सांगितलं ते त्याच्या युनियनच्या कॉलिननं. म्हणाला, "डिनीज, तुझा भाऊ डेपोत सगळ्यात जास्त चहा करतो. आम्हाला कारण माहितीये, म्हणून आम्ही गुमान पितो."

आणि लिॲन. तिचा नवरा कार्ल गोदामात कामावर असताना छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती. थोरली फ्रेया सात वर्षांची होती, मधला आल्फी रांगत होता, धाकटा रेमी पोटात. दुसरी एखादी माहेरी गेली असती, किंवा रडत बसली असती. ही सुईसारखी सरळ उभी राहिली. दाताच्या दवाखान्यात नोकरी धरली, घरभाडं एकदाही चुकवलं नाही, आणि कुणी मदत करू म्हटलं की, "आमचं आमचं भागतंय," एवढं बोलून दार लावायची.

तिचा खरा आधार एकच, सोमवार. सरकारकडून मुलांचा भत्ता येतो ना, तो एकट्या आईला मागितला तर दर आठवड्याला मिळतो. तो सोमवारी तिच्या नावावर पडायचा. कार्लच्या कंपनीनं वाट पाहायला लावली, विम्यानं फाटे फोडले, थंडीत गॅसचं बिल फुगलं, दुकानातली तीच पिशवी दर महिन्याला महाग होत गेली; पण सोमवार चुकला नाही. पोरांचे बूट सोमवारचे, शाळेच्या सहली सोमवारच्या. सोमवारी संध्याकाळी घरात सॉसेज आणि बटाटे, हा नियम. "हे पैसे माझे नाहीत, त्यांचे आहेत," ती म्हणायची, "पण माझ्या हातात येतात. मला विचारल्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही."

यावरच तिचं आणि आईचं मेतकूट जमलं. आई अजून त्याला 'अलाउन्स' म्हणते. खाणीच्या त्या मोठ्या संपात आमचे बाबा वर्षभर बिनपगारी होते, तेव्हा मी आणि स्टू जगलो ते त्या अलाउन्सवर. बाबा एकदा त्यातले चार पैसे मागायला आले बिअरसाठी, तर आईनं त्यांना लाटणं दाखवलं होतं. ही गोष्ट लिॲननं ऐकली आणि इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून ती आमच्याकडे कोंबडी न घेता यायला लागली.

वर्षभरात स्टूनं तिला मागणी घातली. कशी? तर चिप्सच्या दुकानात, रांगेत, व्हिनेगर हवं का असं दुकानदार विचारत असताना. ती म्हणाली, "व्हिनेगर घाला. आणि याला हो सांगा." आख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या! संध्याकाळपर्यंत गावभर झालं. फेब्रुवारीतला शनिवार ठरला, आधी डॉनकास्टरला नोंदणी कार्यालयात लग्न, मग आमच्या कामगार क्लबच्या हॉलमध्ये जेवण. आईनं टोपी घेतली. जांभळी. मी सांगून पाहिलं, ऐकलं नाही.

तोवर स्टू आपली खोकी घेऊन लिॲनकडे राहायला गेलाच होता. मी व्हॅन चालवली. धाकटे दोघे नाचत खोकी आत नेत होते. फ्रेया मात्र जिन्यावर बसून फोनमध्ये डोकं घालून होती. चौदा वर्षांची पोर; मी तिच्याच शाळेच्या जेवणघरात काम करते. तिथे रांगेत तिची मैत्रीण विचारत होती, "तो ट्रेनवाला तुझा नवा बाप का गं?" फ्रेया म्हणाली, "माझा बाप मेला. हा नुसता स्टू आहे." मी तिच्या ताटात एक बटाटा जास्त टाकला.

आता मुद्द्यावर येते. घरात कुणाची कमाई साठ हजार पौंडांच्या वर गेली की सरकार तो भत्ता कराच्या वाटेनं परत घ्यायला लागतं, आणि ऐंशी हजाराला सगळा गिळतं. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. ऐकायला मोठा आकडा, पण तीन पोरं, घरभाडं आणि आजचे भाव धरले तर त्यात कुणी राजा होत नाही. क्लबात कुणीतरी म्हणालंच, "स्टू, जपून रे. तू तिच्या घरात गेलास, तुझा पगार मोठा." त्यावर कॉलिननं ग्लास खाली ठेवून असा काही निकाल दिला की न्यायाधीश झक मारेल: "पोरं कुणाची? कार्लची. मग स्टूला कसला कर? ज्याची पोरं नाहीत त्याच्या मागे पोरांचा कर लावायला हे काय रशिया आहे?" अख्ख्या क्लबनं मान डोलावली. मीही. इतकं सरळ होतं ते! दुसऱ्याची पोरं, दुसऱ्याचा कर. आमच्या गावात याच्यापुढे कुणी विचारच केला नाही.

आणि मग आली पगारवाढ. दोन वर्षं ड्रायव्हर मंडळी संपावर जात होती, त्याचा निकाल लागला. मागची सगळी थकबाकी एकदम! डेपोत माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. एकानं तिथल्या तिथे स्पेनची तिकिटं काढली. स्टू लिॲनला फोन करून ओरडला, "राणी, हॉलमध्ये डुकराच्या मांसाचे गार पॅटिस नकोत, आख्खं डुक्कर भाजू!"

तिकडे लिॲन काउंटरवर. समोर एक बाई दात दाखवायला आलेली, गप्पिष्ट. लिॲननं आनंदात तिला सगळं सांगितलं, आणि ती बाई गाल धरून म्हणाली, "अगं लव्ह," (आमच्याकडे अनोळखी माणसालाही लव्ह म्हणतात) "म्हणजे आता तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला भत्त्याच्या कराचा फटका बसणार. माझ्या दुसऱ्याला बसला की. पोरं पहिल्याची आहेत म्हणून आम्ही निवांत होतो. ते पोरं कुणाची बघत नाहीत. छताखाली जास्त कोण कमावतो ते बघतात."

त्या संध्याकाळी मी लिॲनकडे गेले होते, टेबलक्लॉथचं माप घ्यायला. आत पाऊल टाकलं तर स्वयंपाकघरात स्टूची खोकी एकावर एक रचलेली, आणि लिॲन चौथ्यावर टेप लावत होती.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"तुझा भाऊ त्याच्या आईकडे परत जातोय."

स्टू दारात कोटासकट उभा होता. त्याच्या हातात फुलं होती. "काय झालं ते तरी सांग!"

तिनं सांगितलं. मी म्हटलं, "एवढंच? मला वाटलं तुला दुसरी बाई सापडली याच्या खिशात."

"एवढंच?" ती माझ्यावर उसळली. "डिनीज, शेजारी बघ. नवरा-बायको दोघं कमावतात, दोघांचं मिळून आमच्या दीडपट. पण दोघंही साठाच्या एक पायरी खाली, म्हणून त्यांचा पैसुद्धा हलत नाही. आणि माझ्या घरात एक माणूस पाय ठेवतो, आणि कार्लच्या पोरांचा भुर्दंड याच्या माथी?"

"मग मी भरतो!" स्टू म्हणाला. "त्यात काय?"

"आज भरशील. आज तू माझ्यावर लट्टू आहेस, आज हसत भरशील." तिनं टेप दातांनी तोडली. "आणि पाच वर्षांनी? एखाद्या दिवशी गॅसचं बिल येईल, तू दमून आलेला असशील, फ्रेया दार आपटेल, आणि तुझ्या तोंडून निघेल: तुमच्यापायी मी किती भरलंय. एकदाच निघेल. पण माझ्या पोरांच्या कानावर ते एकदाही पडता कामा नये. ती कुणाच्या घरात बिल होऊन राहणार नाहीत, स्टू."

"मी असं कधी बोलणार नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"मग लग्नाचं काय?" मी विचारलं.

"पुढे ढकलू."

"किती पुढे?"

"रेमी मोठा होईपर्यंत."

रेमी सहा वर्षांचा! तो टेबलाखाली बसून बिस्किट खात होता. स्टूनं फुलं ओट्यावर ठेवली, एक खोकं उचललं आणि बाहेर गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाची पाठ म्हाताऱ्या माणसासारखी वाकलेली पाहिली, आणि मला त्या बाईचा असा राग आला, आणि तितकंच तिला कवटाळावंसंही वाटलं. काय करावं कळेना म्हणून मी टेबलक्लॉथचं माप घेतलं.

पुढचे दिवस म्हणजे तमाशा! डेपोतला प्रत्येक जण वकील झाला. एक म्हणाला, "पत्ता आईचाच ठेव. राहा तिच्याकडे, झोप तिच्याकडे, कागदावर आईकडे." हे लिॲनच्या कानावर गेलं तर ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पोरांनी सांगायचं की स्टू इथे राहत नाही? खोटं शिकवू त्यांना?" दुसरा म्हणाला, "जास्तीचे पैसे पेन्शनमध्ये टाक, कमाई कमी दिसेल." तो मार्ग सरळ होता, कायदेशीरही होता. पण स्टूच म्हणाला, "म्हातारपणी मिळणाऱ्या पैशानं आज पोरांची खोली कशी गरम होईल? ते सगळं आडोशाला टाकायचं आणि घरात थंडीनं कुडकुडायचं?"

मग आमच्या भावानं कळस केला. तो कॉलिनकडे गेला आणि म्हणाला, "मला पगारवाढ नको."

कॉलिननं मला हे सांगताना हसून हसून खोकला काढला. "डिनीज, मी तीस वर्षं युनियनमध्ये आहे. वाढ कमी पडली म्हणून माणसं माझ्या अंगावर आलीत, उशिरा आली म्हणून आलीत. नको म्हणून कुणी आलं नव्हतं! मी म्हटलं, स्टू, आपण दोन वर्षं पावसात फलक धरून उभे राहिलो, तूही होतास. तर म्हणतो कसा, माझा फलक परत घ्या." मग कॉलिन हसायचा थांबला. म्हणाला, "त्याला परत चहा करताना पाहिलं गं मी काल."

लग्न तोंडावर आलं होतं. हॉलचे पैसे भरलेले, आईची जांभळी टोपी खुंटीवर, आणि नवरदेव मागच्या खोलीत खोक्यांमध्ये झोपलेला. मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, नुसतं सुस्कारे सोडून काय होणार? लाव फोन त्या कर खात्याला. निदान नक्की काय ते तरी कळेल." आई म्हणाली, "लाव. आणि तो आवाज मोठा कर, मलाही ऐकायचंय."

तो मंगळवार होता, स्टूला सुट्टी, मी शाळेच्या जेवणघरातून दुपारी परतलेली. स्वयंपाकघरात टेबलावर फोन, त्यातून तेच ते टिणटिण संगीत. चहा झाला, थंड झाला, दुसरा झाला. आईनं बटाटे सोलून संपवले. इतक्यात मागचं दार ढकलून लिॲन आली. हातात स्टूचा हिवाळी कोट, तिच्याकडे राहिलेला. मागे फ्रेया आणि धाकटे दोघे, शाळेतून परस्पर. ती काही बोलणार तोच संगीत थांबलं आणि फोनमधून मुलीचा आवाज आला, वेल्सकडचा, गोड. स्टूची दाराकडे पाठ होती. मी लिॲनला हातानं खूण केली, थांब. ती थांबली.

"मी काय मदत करू, मिस्टर ऑक्सली?"

स्टू घसा खाकरून म्हणाला, "मला... म्हणजे मुलांच्या भत्त्यावरचा तो कर. मी लग्न करतोय. करणार होतो. तिची मुलं आहेत. माझी कमाई जास्त आहे. तर मला भरावा लागेल का?"

"त्या घरात तुम्ही राहत असाल तर हो."

"मुलं माझी नाहीत. त्यांचा बाप वारला."

"त्यानं फरक पडत नाही." तिच्या आवाजात थोडी भीती होती, हे सांगितल्यावर लोक काय काय बोलतात ते तिला ठाऊक असणार. "माफ करा, मिस्टर ऑक्सली. कायदा तुमच्या घरातली मुलं बघतो, तुमच्या रक्ताची नाही. मी टिपून घेऊ का? तुमच्या घरात मुलं किती?"

स्टू खुर्चीवरून उठून उभा राहिला. फोनसमोर! जणू कुणी मोठा माणूस खोलीत आलाय.

"तीन," तो म्हणाला.

"तीन. बरं. म्हणजे तुम्हाला भरावा लागणारा कर—"

"लव्ह, जरा थांबा." तो फोनवर वाकला. "मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या पहिल्या बायकोबरोबर मी डॉक्टरांच्या खोल्यांमधून बसायचो, तिथेही हाच प्रश्न असायचा. मुलं किती. दरवेळी शून्य. आज पहिल्यांदा मी तीन म्हटलं, आणि तुम्ही ते लिहून घेतलंत. सरकारनं लिहून घेतलं! काय घ्यायचा तो कर घ्या. दुप्पट घ्या. लोक बंगल्यासाठी भरतात, गाडीसाठी भरतात. मी बाप असल्याबद्दल भरतो म्हणून ओरडून सांगेन मी डेपोत. फक्त ती बाई मला घरात घेत नाहीये, त्याला तुमच्याकडे काही उपाय आहे का?"

फोनमधली मुलगी बावरली. "त्याबद्दल... आमच्याकडे तसा विभाग नाही, मिस्टर ऑक्सली."

आणि लिॲन, जिनं कार्लला पुरलं तेव्हाही चारचौघांत डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती कोट छातीशी धरून धाय मोकलून रडत होती. स्टू गर्रकन वळला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. सरळ टेबलाशी गेली आणि फोनवर वाकून, नाक ओढत, पण आवाज कडक ठेवून म्हणाली, "मी त्यांची आई बोलतेय. मला एक सांगा. हा घरात आला तर भत्ता कुणाच्या नावावर राहील?"

"तुमच्याच, मॅडम. भत्ता तुमचा. कर तेवढा त्यांचा."

"आणि सोमवार?"

"सोमवार?"

"माझे पैसे सोमवारी येतात."

फोनमधून कीबोर्डची टकटक ऐकू आली. "जोडीदार असला की सहसा दर आठवड्याला देत नाहीत. चार आठवड्यांनी येतील. पण... हो, सोमवारीच."

"चालेल," आमची आई मधूनच ओरडली. "भत्ता तिचा, भुर्दंड त्याचा! याहून बरं लग्न मी तरी पाहिलेलं नाही."

लिॲननं डोळे पुसले. मग स्टूकडे बोट रोखून म्हणाली, "एकदा जरी तोंडातून काढलंस ना, की आमच्यापायी भरलंस—"

"तर?"

"तर दातांच्या डॉक्टरकडे एकट्याला पाठवीन."

अरे देवा, काय गोंधळ झाला! आई टोपी आणायला धावली, घरातच घालून बसली. धाकटे दोघे टेबलाभोवती उड्या मारायला लागले, का ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी स्टूच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पुढे कोलमडला. या सगळ्या आरडाओरड्यात फोनमधली मुलगी विसरलीच गेली होती; मग तिचाच आवाज आला, हसू दाबत, "मिस्टर ऑक्सली? आणखी काही मदत हवीये?"

स्टू परत फोनवर वाकला. त्याचे कान लाल झाले होते.

"एकच," तो म्हणाला. "तो प्रश्न परत एकदा विचाराल का? मगाचा. मुलं किती, तो."

मग पहिल्यासारख्याच सरकारी आवाजात, सावकाश, तिनं विचारलं, "मिस्टर ऑक्सली, तुमच्या घरात मुलं किती?"

स्टूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात फ्रेया दारातून पुढे आली, दप्तर अजून पाठीवर. तिनं स्टूला कोपरानं बाजूला सारलं, फोन उचलून तोंडाशी धरला आणि शाळेत हजेरी देतात तशी खणखणीत म्हणाली, "तीन. लिहून घ्या. मी थोरली."